फ्यूजल ऑइलपासून अमाइल ॲसिटेट : नाशिकमधल्या सातपूरच्या शेडमधल्या नोंदी

६ जानेवारी २०२४

फ्यूजलचे (स्पिरिट गाळताना बाजूला निघणाऱ्या जड अल्कोहोलांचे) दोन बॅरल आज शेडमध्ये उतरले. मालापेक्षा कागदांनाच जास्त वेळ लागला. डिस्टिलरीतून निघणारं फ्यूजल राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदीत असतं, त्यामुळे परवानगी, पास, सील हे सगळं आधी. हा उद्योग करू पाहणाऱ्याने रिॲक्टर मागाहून घ्यावा, अर्ज आधी टाकावा.

नाशिकची दारू म्हटली की बाहेरच्यांना वाइनच आठवते. आमचा माल मळीच्या स्पिरिटचा. स्पिरिटच्या कॉलममध्ये मधल्या प्लेटांवर जड अल्कोहोलं साठतात. ती काढली नाहीत तर स्पिरिट बिघडतं, म्हणून बाजूच्या नळीने काढून घेतात. हजार लिटर स्पिरिटमागे साधारण दोन ते पाच लिटर. पिवळट-तपकिरी रंग, आणि वास असा की घशात ठसकाच बसतो. पुष्कळ ठिकाणी हे सरळ बॉयलरमध्ये जाळतात.

आमचा धंदा रंग पातळ करायच्या थिनरचा. त्यात लागणारं अमाइल ॲसिटेट आम्ही विकत आणतो. फ्यूजलमधलं मुख्य अल्कोहोल म्हणजे आयसोअमाइल. त्याला ॲसेटिक ॲसिडबरोबर उकळलं आणि आम्लधर्मी रेझिन (प्लॅस्टिकसारखे बारीक मणी) कॅटालिस्ट म्हणून वापरलं, की तेच अमाइल ॲसिटेट आणि शिवाय पाणी. कागदावर इतकंच आहे. माणसं तीन : मी, बी.एस्सी. केमिस्ट्री झालेला भाचा ओंकार आणि फिटर रहीमभाई. रिॲक्टर २५ लिटरचा.

९ जानेवारी

ओळखीच्या लॅबमधून जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफी, कोणता घटक किती ते सांगणारी चाचणी) रिपोर्ट आला. आयसोअमाइल आणि त्याच्यासोबत येणारं ॲक्टिव्ह अमाइल मिळून ६१ टक्के. बाकी आयसोब्युटेनॉल, थोडं प्रोपेनॉल, इथेनॉल आणि बरंच पाणी. ही दोन अमाइल अल्कोहोलं वेगळी करायच्या भानगडीत पडायचं नाही. एक १३१ अंशांना उकळतं, दुसरं १२९ च्या आसपास. थिनरला दोन्हींचं ॲसिटेट चालतं.

आज बॅच लागली नाही, कारण ॲसिड गोठलं. सकाळी ॲसिडचा कार्बॉय (मोठी बाटली) हलवला तर आतून आवाजच नाही. टॉर्च मारून पाहिलं, तळापासून मानेपर्यंत पांढरे सुयांसारखे स्फटिक आणि मधोमध मूठभर पातळ ॲसिड. ग्लेशियल (जवळपास बिनपाण्याचं) ॲसेटिक ॲसिड १६.६ अंशांना गोठतं, आणि शेडमधलं तापमान पहाटे त्याच्या बरंच खाली होतं. रहीमभाई म्हणाले, "शेठ, हीटर लावू का?" अजिबात नाही. त्याची वाफ पेट घेते. टपात कोमट पाणी, त्यात कार्बॉय, झाकण सैल. दुपारी दोनला सगळं वितळलं. आणि नुसतं मधलं पातळ ॲसिड ओतून काम भागवू नका. बाटलीतलं पाणी त्या न गोठलेल्या भागात जमतं आणि आपल्याला पाणीच नको आहे.

१५ जानेवारी

संक्रांत. ओंकार येवल्याला पतंग उडवायला. काम बंद.

१८ जानेवारी

फ्यूजल धुतलं. फीडमध्ये (भांड्यात घालायच्या अल्कोहोलमध्ये) इथेनॉल राहिलं तर त्याचं इथाइल ॲसिटेट होतं आणि ॲसिड फुकट खर्च होतं. म्हणून मिठाचं संपृक्त पाणी, फ्यूजलच्या एक तृतीयांश, दोन वेळा. ढवळून ठेवलं की खाली मीठपाणी, इथेनॉल आणि फ्यूजलमधलं बरंचसं पाणी, वर अमाइल. थर स्वच्छ सुटतात, बघायला बरं वाटतं. हे मीठपाणी गटारात सोडायचं नाही. त्यात इथेनॉल असतं आणि ते पेटतं.

मग ऊर्ध्वपातन. १२० अंशांच्या आधी निघालेला भाग, म्हणजे कट, वेगळा काढला, त्यानंतरचा हा आमचा फीड. ओंकारचा थर्मामीटरवर संशय : अमाइल पुस्तकात १३१ आणि इथे १२९ लाच स्थिर. थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला तर ९८. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, इथे पाणीच शंभरला उकळत नाही. पुस्तकातल्या प्रत्येक आकड्यातून दोन अंश वजा करायचे, थर्मामीटर बदलायचा नाही.

२७ जानेवारी

तुलनेसाठी एक बॅच सल्फ्युरिकने केली. तीन तासांत काम झालं, पण माल काळ्या चहाच्या रंगाचा. धुताना फेस, थर सुटेनात, आणि वर क्षारांचा गाळ. आम्हाला रेझिन का हवं ते एवढ्यावरून कळावं.

३ फेब्रुवारी

रेझिनची पहिली बॅच. हिशेब असा : ८.८ किलो अमाइल अल्कोहोलला ६ किलो ॲसिड पुरतं आणि जास्तीत जास्त १३ किलो ॲसिटेट व १.८ किलो पाणी मिळतं. बंद भांड्यात दोन्ही याच प्रमाणात घेतली तर गाडी दोन तृतीयांशाच्या आसपास अडते, कारण पाणी उलटी क्रिया सुरू करतं. म्हणून पाणी बाहेर काढत राहायचं. वाफ कंडेन्सरमधून डिकँटरमध्ये (थर वेगळे होणाऱ्या भांड्यात), खालचं पाणी बाहेर, वरचा थर परत भांड्यात.

आम्ही ॲसिड दहा टक्के जास्त घेतलं, अल्कोहोल नाही. उरलेलं ॲसिड सोड्याने धुऊन जातं. उरलेलं अल्कोहोल १३१ चं, ॲसिटेट १४२ चं. एवढ्या फरकावर छोट्या कॉलमने ते वेगळं करताना नाकी नऊ येतात.

पहिले दोन तास काहीच होईना. रेझिन ओलं येतं (तसं स्वस्त पडतं), आणि त्याच्या आम्लाच्या जागांवर पाणीच बसलेलं असतं. ते सुटेपर्यंत अल्कोहोलला जागा नाही. पुढच्या वेळेपासून ॲसिड घालण्याआधी रेझिन नुसत्या अमाइल अल्कोहोलमध्ये उकळायचं. अमाइल आणि पाण्याची जोडवाफ (दोन्हींची मिळून निघणारी वाफ) ९५ अंशांच्या आसपास निघते आणि पाणी डिकँटरमध्ये येऊन बसतं. ओव्हनमध्ये सुकवण्यापेक्षा हे सोपं. वाळलेलं रेझिन वापरणाऱ्यांनी जागा सोडून भरावं, ते फुगतं.

संध्याकाळी डिकँटरमधून २ लिटर पाणी निघालं. १.८ ची अपेक्षा होती, म्हणून सगळे खूश. ओंकारने लिटमस बुडवला तर लालभडक. टायट्रेशन केलं : १० मिली पाण्याला १ नॉर्मल तीव्रतेचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण ३० मिली. म्हणजे लिटरमागे १८० ग्रॅम ॲसिड. आम्ही पाणी मोजत नव्हतो, आमचंच ॲसिड मोजत होतो.

१० फेब्रुवारी

भांड्यावर दोन इंची, मीटरभर उंच नळी बसवली आणि आत सिरॅमिकच्या रॅशिग रिंग (छोटी पोकळ नळकांडी) भरल्या. ॲसिड आता वाटेतूनच खाली परततं. डिकँटरच्या पाण्याला तेच कॉस्टिक मिलीभरसुद्धा लागत नाही.

नळीवरून आठवलं. लिंक रोडच्या भंगारात "३१६ आहे शेठ, डोळे झाकून घ्या" म्हणून मिळालेला पाइप निघाला ३०४ (दोन्ही स्टेनलेस स्टीलच्याच जाती). लोहचुंबकाने हे कळत नाही, दोन्हींना चिकटत नाही. फरक मॉलिब्डेनमचा : ते ३१६ मध्ये असतं, ३०४ मध्ये नसतं. रहीमभाईंकडे ते ओळखायची बाटली आहे : थेंब टाकायचा, ९ व्होल्टच्या बॅटरीची तार लावायची आणि रंग बघायचा. गरम ॲसेटिकमध्ये ३०४ टिकत नाही, आणि त्यातून सुटलेलं लोह रेझिनवरच जाऊन बसतं. पाइप परत दिला. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, बदली माल दिला. बाटली खिशात घेऊनच भंगारात जावं.

१७ फेब्रुवारी

माल गढूळ, फिल्टर तुंबला. स्टररने मण्यांचा भुगा केला होता. रेझिन ढवळायचं नाही. ६० मेश जाळीची बास्केट केली, मणी त्यात निम्म्यापर्यंतच भरले आणि बास्केट रिफ्लक्समध्ये (थंड होऊन परत खाली पडणाऱ्या द्रवात) टांगली. मणी शाबूत राहतात, बॅचला तासभर जास्त लागतो. चालेल.

२ मार्च

रेझिन मेलं.

बॅच दर वेळी लांबत होती. सुरुवातीला सहा-सात तास लागायचे, आज अकरा तासांनंतरही पाणी थेंबथेंब येतंय. ओंकारचं म्हणणं, फ्यूजलमधले नायट्रोजनवाले घटक आम्लाच्या जागा धरून बसले असणार. रहीमभाईंचं म्हणणं, रेझिनच डुप्लिकेट. माझा संशय उष्णतेवर. असली रेझिन साधारण १२० अंशांपर्यंतच सांभाळायची असतात. त्यावर सल्फोनिक गट (म्हणजेच आम्लाच्या जागा) गळायला लागतात. पाणी संपत आलं की आमचं भांडं १३० च्या वर जातं.

भांडण्यापेक्षा मोजलं. एक ग्रॅम कोरडं रेझिन मिठाच्या पाण्यात चार तास ढवळायचं. सोडियम आत जातो, आम्ल बाहेर येतं. ते आम्ल ०.१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट करायचं. बरणीतल्या नव्या रेझिनला ४७ मिली लागले. बास्केटमधल्याला २१.

६ मार्च

निम्म्याहून जास्त क्षमता गेली हे कळलं. कशाने गेली ते कळायला बास्केटमधलं रेझिन प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये (स्टीलमध्ये नाही, क्लोराइड स्टील खातं) पाच टक्के हायड्रोक्लोरिकने सावकाश धुतलं. साधारण दहा लिटर लागलं. मग बॅटरीच्या (क्षार काढलेल्या) पाण्याने, सिल्व्हर नायट्रेटला दुधाळपणा येईना, म्हणजे क्लोराइड संपेल इथपर्यंत. नळाचं किंवा बोअरचं पाणी इथे वापरायचं नाही. त्यातलं कॅल्शियम लगेच आत शिरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

पुन्हा टायट्रेशन. ४२ मिली.

याचा अर्थ सरळ आहे. उष्णतेने गट गळाले असते तर कितीही ॲसिड ओतलं तरी ते परत आले नसते. २१ वरून ४२ वर आलं, म्हणजे तेवढ्या जागांवर बाहेरचे धन आयन बसले होते आणि हायड्रोक्लोरिकने ते हटवले. उरलेले पाच मिली परत आले नाहीत. ते उष्णतेचे.

मग हे धन आयन आले कुठून? फेब्रुवारीच्या मध्यापासून गॅस आणि वेळ वाचवायला फीडचं ऊर्ध्वपातन वगळलं होतं. मिठाच्या पाण्याने धुवायचं, थर सुटला की सरळ भांड्यात. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या त्या थरात मीठपाण्याचे बारीक थेंब तरंगत असतात. शिवाय सोड्याने धुतलेल्या मालातून निघालेला पहिला कट आम्ही पुढच्या बॅचमध्ये घालत होतो, त्यातूनही थोडं सोडियम आलं असावं. आम्ही क्षमता मोजायला जी क्रिया बीकरमध्ये करतो, तीच क्रिया भांड्यात दर बॅचला आपोआप चालू होती.

रेझिनवाल्याला फोन करून चार शब्द सुनावायचे राहून गेले ते बरंच झालं.

१६ मार्च

उष्णतेच्या पाच मिलींचा बंदोबस्त. सायक्लोहेक्झेन किंवा टोल्युइन घालून तापमान खाली ठेवता येतं, पण मग तो सॉल्व्हंट मालातून काढत बसायचा. त्यापेक्षा निर्वात. पाण्याचा इजेक्टर (पाण्याच्या झोताने हवा ओढणारा) बसवला आणि दाब पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरच्या आसपास ठेवला. आता भांडं शेवटपर्यंत ११२ च्या वर जात नाही.

पहिल्या दिवशी निर्वात टिकेना. फ्लँजच्या (पाइपांच्या जोडांच्या) नायट्राइल रबराच्या रिंगा ॲसिटेटमध्ये फुगून बटाटेवड्यासारख्या झाल्या होत्या. सगळीकडे टेफ्लॉन. हा खर्च सुरुवातीलाच करावा.

३० मार्च

रंगपंचमी. रहीमभाईंसकट सगळे जुन्या नाशकात रहाडीवर (रंग खेळायच्या जुन्या हौदावर). एकट्याने भांडं गरम करायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी हिशेबाच्या वह्या काढल्या.

७ एप्रिल

ओंकारला मधमाश्यांनी फोडलं. शेजारच्या शेडच्या छज्जाला आग्या मोहोळ आहे, महिनाभर कोणाला त्रास नव्हता. आज तो गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बघायला गेला तेव्हा हातात बॅच काढतानाचे भिजलेले हातमोजे तसेच. मिनिटभरात खाली पळत आला, मानेवर आणि कानामागे डंख. दवाखान्यात इंजेक्शन, संध्याकाळपर्यंत बरा.

आयसोअमाइल ॲसिटेट हेच मधमाशीच्या धोक्याच्या इशाऱ्यातलं एक मुख्य रसायन आहे. १९६२ साली ते नांगीच्या गंधात ओळखलं गेलं. एक माशी चावली की तिथे हा वास सुटतो आणि बाकीच्या त्या वासावर तुटून पडतात. आपल्याला तो पिकल्या केळ्याचा वाटतो. वर इजेक्टरचं पाणी आम्ही त्याच गच्चीवरच्या टाकीतून फिरवत होतो, म्हणजे रोज थोडं ॲसिटेट मोहोळाशेजारी सोडत होतो.

इजेक्टरला आता खाली झाकणबंद टाकी, व्हेंट कोळशाच्या डब्यातून. बॅच काढताना घातलेले कपडे बदलल्याशिवाय गच्चीवर जायचं नाही. मोहोळ जाळायचा शेजाऱ्यांचा बेत होता, तो मोडून काढला.

२१ एप्रिल

दुपारी शेडमध्ये ३९. ॲसिटेटचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते ते) २५ अंशांच्या आसपास, अमाइल अल्कोहोलचा ४३. थंडीत जे दुर्लक्ष खपून जात होतं ते आता खपणार नाही. बॅच पहाटे पाचला सुरू, बाराच्या आत बंद. पंप आणि मोटर फ्लेमप्रूफ, ड्रम ओतताना दोन्हींना अर्थिंगची तार, मोबाइल दारातल्या खोक्यात. टाकीचं पाणी तापलं की कंडेन्सर वाफ सोडून देतो, तेही पहाटे होत नाही.

१२ मे

मीठ कायमचं बंद. फ्यूजल आता धुतच नाही. सरळ कॉलममध्ये घालतो : आधी इथेनॉल आणि प्रोपेनॉल निघतं, मग जोडवाफेतून पाणी डिकँटरमध्ये जातं, वरचा थर परत येतो आणि शेवटी अमाइलचा कट. वेळ दुप्पट, मीठपाण्याची विल्हेवाट शून्य. सोड्याने धुतलेल्या मालाचा पहिला कट परत भांड्यात जात नाही, थिनरमध्येच जातो.

त्याच रेझिनचं आजचं टायट्रेशन ४१ मिली. मार्चमध्ये धुतलं तेव्हा ४२ होतं.

२ जून

विचारणारे बरेच आहेत, म्हणून पैशांचं बोलतो. १३ किलोच्या जागी हातात साधारण ११ किलो ॲसिटेट येतं. सगळ्यात मोठा खर्च ॲसिडचा, मग विजेचा. रेझिनचा खर्च बॅचमागे वाटला तर चहापाण्याइतका, पण ते मीठ खाऊन मेलं तर हिशेब उलटतो. फ्यूजल जवळपास जाळण्याच्या भावात मिळालं तरच हे परवडतं. दुसऱ्या कोणाला चव लागली आणि भाव चढला तर आम्हीही विकतचं ॲसिटेट आणू. आधीच्या इथेनॉलच्या कटाचा खप शोधण्याआधी पुन्हा उत्पादन शुल्क खात्याची पायरी चढावी लागते, ते वेळापत्रकात धरा. शेडचं भाडं आणि आमची मजुरी अजून सुटलेली नाही.

९ जून

नवा बॅरल आला, या वेळी मक्याच्या स्पिरिटचा. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधनं घातल्यापासून धान्याच्या डिस्टिलऱ्यांना जोर आला आहे, आणि मळीचं फ्यूजल आमच्या पुरवठादाराकडे कमी झालं. वास वेगळा, रंग फिका.

बॅच लावण्याआधी आता एक चाचणी ठरलेली आहे. दोन ग्रॅम नवं रेझिन नळीत भरायचं, त्यावरून ऊर्ध्वपातन केलेला लिटरभर फीड थेंबाथेंबाने सोडायचा, मग त्यातल्या एक ग्रॅमचं टायट्रेशन. ४७ वरून एक-दोन मिली उतरलं तर फीड चालेल. मळीच्या फीडला ४६ यायचे. मक्याच्या पहिल्या लिटरला ४३ आले.

चार मिली खाणारं काय आहे, सोडियम की ओंकारचे ते नायट्रोजनवाले, हे उद्या नळी हायड्रोक्लोरिकने धुऊन निघालेल्या पाण्यात बघू. तोवर बॅरलला टाळं, आणि मोठ्या बास्केटच्या आधी पाव किलो जुन्या रेझिनची एक गाळणी लाइनमध्ये बसवायला रहीमभाईंना सांगितलं आहे. जे खायचं ते तिथेच खाऊन घेऊ दे.